डोकं पुढे करून

नोव्हाय, मिशिगन
रविवार, १४ जानेवारी २०२४

मैत्री,

जय भीम. खुशाली नंतर विचारतो. आधी एवढं सांग, तुझी आई कुठे आहे?

माझ्या समजुतीप्रमाणे ती मॅसॅच्युसेट्सला विपश्यनेच्या शिबिरात मौनात बसली आहे. तीन तारखेला मीच तिला डेट्रॉइट विमानतळावर सोडलं. दहा दिवस तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, फोन पहिल्याच दिवशी जमा, शेजारच्या बाईकडे बघून हसायचंही नाही. सलग तिसऱ्या जानेवारीत ती गेली आहे. मी इथे वरणभात आणि उकडलेली अंडी खाऊन दिवस काढतो आणि विहारात सगळ्यांना सांगतो, भावनाची साधना फार पुढे गेली आहे.

काल दुपारी विहारातल्या हेमचंद्रचा फोन आला. "अरे प्रफुल्ल, लिंक पाठवलीय. तुझी मैत्री यूट्यूबवर लाइव्ह आहे, बघ लवकर." मी म्हटलं, मी ते बघत नाही, तुला माहीत आहे. आणि फोन ठेवून लगेच बघायला बसलो.

न्यूयॉर्क राज्यातल्या तुझ्या लेक प्लॅसिडची ती बर्फाची वळणावळणाची पन्हळ दिसत होती. कोण जिंकतंय, कोण हरतंय, काही कळेना. मग कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. दहा-पंधरा माणसं कठड्याला टेकून उभी होती. त्यांत एक बाई. अंगात माझं तपकिरी जॅकेट, जे मी थँक्सगिव्हिंगपासून शोधतोय. एका हातात आपल्या घरातलं स्टीलचं ताट, कडेला पोचा पडलेलं, आणि दुसऱ्या हातात डाव. ताट बडवत ती बाई ओरडत होती. तिचा आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठ कळत होते. "पळ गं, पळ!"

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. व्हिडिओ मागे नेऊन सहा वेळा पाहिला. तीच. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्यावरसुद्धा कधी आवाज चढवलेला नाही.

त्यातून सावरतोय तोवर समालोचक म्हणाला, ब्रेकमन, मेट्री गॅजबाय. गजभिये आडनावाची इतकी वाट नागपूर ते नोव्हाय मी कुठेच लागलेली पाहिली नव्हती, पण ते जाऊ दे. तुम्ही दोघी ती जड बॉबस्लेड ढकलत धावलात, पुढची मुलगी आत बसली, तू मागून उडी मारलीस आणि मान खाली घातलीस. शेवटची रेषा ओलांडल्यावर तू ब्रेक ओढलास आणि मागे बर्फाचा भुगा उडाला.

तू ब्रेकवाली आहेस? पोटावर झोपून, डोकं पुढे करून जायचं ते तू सोडलंस? कधी? का? मी सव्वीस वर्षं या गावात मोटारींचे ब्रेक तपासतो, दर फेब्रुवारीत वर अप्पर पेनिन्सुलाला गोठलेल्या तळ्यावर जाऊन गाड्या घसरवून बघतो, आणि माझी स्वतःची मुलगी बर्फावर ब्रेक ओढते हे मला हेमचंद्रकडून कळावं?

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं झाली, म्हणून कागद घेतला. ट्रेनिंग सेंटरचा पत्ता वेबसाइटवर मिळाला. विहाराच्या रविवारच्या वर्गात बाराखडी तुला मीच शिकवली, अजून बोट ठेवून वाचत असशील. सावकाश वाच. आईला मी काही कळू देणार नाही. उद्या विमानतळावर चेहरा कसा ठेवायचा याची आरशात प्रॅक्टिस करतोय.

बाबा


मंगळवार, १६ जानेवारी

मैत्री,

तुझी आई काल आली. घसा पार बसलेला. दहा दिवस मौन पाळून आवाज गेलेली जगातली ही पहिलीच साधिका असावी.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कसं झालं शिबिर?"

"खूप शांत वाटतंय हो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"नाक का सोललंय?"

"ध्यानाच्या हॉलमध्ये हीटर फार होता. स्किन ड्राय झाली."

"आणि हे माझं जॅकेट?"

"तुमचं आहे होय? मी म्हटलं, एवढं सैल कसं झालं मला."

घरी आल्यावर तिने बॅग उघडली तेव्हा मी मुद्दाम तिथेच घुटमळत होतो. कपड्यांच्या घडीतून ताट निघालं. मी नुसतं बघितलं. ती म्हणाली, "तिथे आपापलं ताट धुवायचं असतं ना, म्हणून घरचंच नेलं." मग डाव निघाला. तो तिने सरळ नेऊन ओट्यावर ठेवला.

मला थक्क व्हायला होतं ते तिच्या तयारीने. एकही उत्तर अडखळत नाही. दर रविवारी विहारात आम्ही पंचशील म्हणतो, त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, ती माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणते. इलिनॉयचं केंद्र इतकं जवळ असताना ही बाई दर वर्षी विमानाने मॅसॅच्युसेट्सला का जाते, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही. म्हणे इंजिनिअर!

मी तिच्यावर चिडायला हवं. चिडता येत नाही. चौथ्या शीलाबद्दल मी कुणाला बोलावं अशी माझी तरी कुठे परिस्थिती? असो.

तू जेवतेस ना वेळेवर? स्लेड ढकलायची म्हणजे अंगात जोर हवा. पाय छान टाकतेस. शाळेत हर्डल्स पळायचीस तसेच अजून टाकतेस.

बाबा


रविवार, २८ जानेवारी

मैत्री,

उत्तर आलं नाही. बर्फामुळे पोस्टाला उशीर होतोय असं मी रोज स्वतःला सांगतो.

आपलं कुठे बिघडलं ते ओळीने आठवून बघतोय. ऑगस्ट २०२१. तू व्हॉइस मेसेज टाकलास, "बाबा, आय गॉट इन! स्केलेटन! चाळीस मुलींतून सहा घेतल्या, मी लेक प्लॅसिडला जातेय!" आता मला सांग, स्केलेटन म्हणजे सांगाडा. तू बायोमेकॅनिक्स शिकलीस, मेडिकलची प्रवेश परीक्षा दिलीस. बापाने दुसरं काय समजावं? मला वाटलं, हाडांच्या डॉक्टरकीचा एखादा मोठा कोर्स असेल, चाळिसातून सहा घेतात म्हणजे चांगलाच असणार. तू फोनवर "कोच" म्हणायचीस तेव्हा वाटायचं, हल्ली प्रोफेसरला कोच म्हणत असतील. मान फार दुखते म्हणालीस, तर मी सांगितलं, अभ्यासाला बसताना पाठ ताठ ठेव. यावर तू हसली होतीस. तुला वाटलं मी गंमत करतोय, आणि मला वाटलं मान अभ्यासाने दुखतेय.

मग ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. शाळेचा हॉल भरलेला. मी माइक हातात घेऊन म्हणालो, अजनीच्या रेल्वे शेडमधल्या फिटरची नात अमेरिकेत हाडांची डॉक्टर होणार. टाळ्या पडल्या. आईने घरी केलेले पेढे मी स्वतः वाटले. आई तेव्हा माझ्याकडे विचित्र बघत होती, ते आता कळतं. तिला माहीत होतं, पण टाळ्यांमध्ये तिला मला थांबवता येईना.

पेढा घेताना हेमचंद्रची रुही म्हणाली, "अंकल, नो नो. स्केलेटन इज अ स्लेड. यू गो हेडफर्स्ट. मैत्रीदीदी इज सो कूल!" आणि तिने फोनवर व्हिडिओ लावला. ट्रेपेक्षा थोडी मोठी एक लोखंडी पाटी, तिच्यावर पालथी पडलेली माझी मुलगी, हनुवटी बर्फापासून चार बोटं वर, आणि कोपऱ्यात वेगाचा आकडा. आम्ही हायवेवर त्याहून हळू जातो. मी रुहीला विचारलं, "हिला ब्रेक कुठे असतो?"

"नसतो अंकल. शूजनी थांबतात!"

माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला. आजूबाजूला माणसं अभिनंदन करत होती आणि मला कुणाचाही आवाज ऐकू येत नव्हता.

त्याच संध्याकाळी मी तुला फोनवर म्हणालो, "तुझ्या आजोबांनी आणि मी, दोन पिढ्यांनी डोकं वर काढायला आयुष्य घातलं, आणि तू तेच डोकं पुढे करून बर्फावर आपटायला निघालीस?" तू म्हणालीस, "बाबा, डोकं वरच ठेवावं लागतं. अदरवाइज यू कान्ट सी." मी फोन ठेवला.

तू त्या वाक्यावरून रागावलीस हे मला माहीत आहे. ते वाक्य मी परत घेतो. चारचौघांत तोंडघशी पडलो होतो आणि त्याहून जास्त घाबरलो होतो. घाबरलेला माणूस आजोबांना मध्ये आणतो.

पुढे तुझा सगळा सीझन वाया गेला, काही मेडिकलची भानगड झाली, असं उडत उडत कानावर आलं. वाईट वाटलं. अशा गोष्टी होतात. खेळाच्या फेडरेशनला कुणी काही कळवलं तर त्यांना चौकशी करावीच लागते. सुरक्षेच्या कामात आम्हीही तेच करतो, त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. तू आता नवीन खेळात रुळली आहेस, तर मागचं मागे ठेवावं असं मला वाटतं.

दोन ओळी लिही. इंग्रजीत लिहिल्यास तरी चालेल.

बाबा


मंगळवार, ६ फेब्रुवारी

मैत्री,

मागच्या पत्राचा शेवट वाचला असशील तर तो विसर. हे पत्र बसून वाच.

काल मी आईला जेवायला वाढलं, त्याच पोचा पडलेल्या ताटात. म्हटलं, "लेक प्लॅसिडलाही यातच जेवलीस का?" मला वाटलं होतं ती दचकेल. ती शांतपणे बसली आणि म्हणाली, "बरं झालं. मला कंटाळा आला होता खोटं बोलायचा. आता सगळंच ऐका."

आणि तिने मला जानेवारी २०२२चं सांगितलं, तिच्या पहिल्या 'शिबिरा'चं. तेव्हा ती शर्यत बघायला आलीच नव्हती. तू शर्यतीत नव्हतीस. तू हॉस्पिटलात होतीस, डोक्याला वीस-बावीस वायरी चिकटवलेल्या, तीन दिवस कॅमेऱ्यासमोर. तुला फिट येते का ते बघायला तुला झोपू देत नव्हते. फिट आली नाही. तरी डॉक्टर सही करेनात, कारण फाइलमध्ये तारखांसकट लिहिलेलं होतं की पूर्वी तीनदा आली. गाडी चालवायला बंदी. तू बर्फातून दोन मैल चालत ग्रोसरीच्या दुकानात कामाला जायचीस. बाकीच्या मुली युरोपला खेळायला गेल्या. तू टीममध्ये चौथी होतीस आणि मार्चपर्यंत तुझी जागा गेली.

"माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, अहो," आई म्हणाली, "त्या वायरींसकट. केसात डिंक सुकलेला. मला म्हणाली, आई, मी काय केलं?"

मी विचारलं, "कुणी कळवलं ते समजलं का?"

"नाही. नाव नव्हतं त्यावर." एवढं बोलून ती पोळी तशीच टाकून उठली.

मैत्री, ते मी केलं.

नोव्हेंबर २०२१. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, लंच अवरला, गाडीत बसून. नवीन ईमेल अकाउंट उघडलं, नाव दिलं नाही, एक हितचिंतक एवढंच लिहिलं. आम्ही सदोष गाडीचा रिपोर्ट लिहितो तसा रिपोर्ट लिहिला. वयाच्या नवव्या वर्षापासून फिट्स, तीन घटना, प्रत्येकीची तारीख, प्रत्येक वेळी चाळीस सेकंद. खरं काय होतं ते तुला माहीत आहे. भीमजयंतीच्या कार्यक्रमात तू सकाळपासून उपाशी होतीस, भाषण पाठ करत उन्हात उभी राहिलीस, आणि चक्कर येऊन पडलीस. लिंबू सरबत पिऊन उठलीस आणि भाषण पूर्ण केलंस. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हसून सांगितलं, मुलीला नाश्ता देत जा. त्या एका चक्करेच्या मी तीन फिट्स केल्या.

मला वाटलं होतं, पंधरा दिवस तपासतील, तू वैतागशील, घरी येशील, मेडिकलचे फॉर्म भरशील. मी म्हटलं, मी ब्रेक लावतोय. सव्वीस वर्षं मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो की बर्फावर करकचून ब्रेक लावला तर गाडी थांबत नाही, हातातून जाते. आणि स्वतः मात्र पाय दाबून धरला.

वायरींचं मला माहीत नव्हतं. ग्रोसरीच्या दुकानाचं माहीत नव्हतं. हे सांगून सुटायचं नाही. ज्या मुलीने पडल्यावर उठून भाषण पूर्ण केलं तिच्याविरुद्ध तिच्या बापाने हे लिहिलं, यावर माझाच विश्वास बसत नाही. परवा रविवारी, हे ऐकायच्या आधीच, विहारात पंचशील सांगायची पाळी माझी होती. चौथं न म्हणताच मी पाचव्यावर गेलो. लोकांना वाटलं, विसरलो.

आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं. तुला धक्का बसेल. त्यानंतर तू काय म्हणशील ते मला कबूल आहे, काही म्हणाली नाहीस तरी.

बाबा


लेक प्लॅसिड
१७ फेब्रुवारी

बाबा,

जय भीम. चुका असतील. लाल पेन घेऊ नका.

मला धक्का नाही बसला. मला दोन वर्षं माहीत आहे.

डिसेंबरमध्ये कोच डॅनाने मला तो ईमेल दाखवला. नाव नव्हता. तिने विचारलं, हू वुड डू धिस टू यू? मी म्हटलं, आय डोन्ट नो. मग तिने शेवटची लाइन परत वाचली आणि म्हणाली, मैत्री, व्हॉट इज अ नीडफुल?

शेवटची लाइन होती, काइंडली डू द नीडफुल.

बाबा, लेक प्लॅसिडमध्ये हे कोण लिहितं? माझ्या शाळेच्या प्रत्येक नोटवर तुम्ही लिहायचे. मैत्री हॅज कोल्ड, काइंडली डू द नीडफुल. मैत्री लॉस्ट हर लायब्ररी बुक, काइंडली डू द नीडफुल. माझ्या थर्ड ग्रेड टीचरने मला विचारलं होतं की नीडफुल म्हणजे काय, आणि मी घरी येऊन तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणाले, जे करायला पाहिजे ते. मी ते वाचलं आणि मला उलटी झाली. खरंच. डॅनाला वाटलं मी आजारी आहे. तिने ते पण फाइलमध्ये लिहिलं.

मी डॅनाला सांगितलं नाही. आईला पण नाही. तुमचा नंबर ब्लॉक केला कारण मी फोनवर विचारलं असतं, आणि तुम्ही नाही म्हणाले असते. तुम्ही माझ्याशी खोटं बोलताना मला ऐकायचं नव्हतं. सो मी वाट बघितली.

तुमची पहिली दोन लेटर्स वाचून मी खूप हसले. ताटवालं केटीला पण ट्रान्सलेट करून सांगितलं, ती माझी ड्रायव्हर आहे, बॉबस्लेडमध्ये पुढे बसते. तिसरं लेटर मी गार्बेजमध्ये टाकलं. तुम्ही लिहिलं होतं, कुणी काही कळवलं तर. कुणी! मग परत काढलं, कॉफी सांडली आहे त्यावर. चौथं लेटर वाचायला मला दोन तास लागले. बोट ठेवून. 'सदोष' शब्द मला माहीत नव्हता, शोधला.

आता ऐका. ब्रेकमन मी हौसेने झाले नाही. माझी फाइल अजून ओपन आहे. मागे बसून ब्रेक ओढायला चालतं, पण स्लेड स्वतः स्टिअर करायला मला क्लिअरन्स नाही. स्केलेटनमध्ये तुम्ही एकटेच असता, तुम्हीच स्टिअर करता. माझी जुनी स्लेड खोलीत भिंतीला उभी आहे, मी तिचे खालचे स्टीलचे रनर्स दर आठवड्याला पॉलिश करते. मला पुढच्या सीझनला परत जायचंय. मी छब्बीस वर्षांची आहे. वेळ आहे पण खूप नाही.

डॉक्टर म्हणतात, ज्याने लिहिलं त्याने नावाने लिहून दिलं की ते खोटं आहे, तर फाइल बंद होईल. दुसरा मार्ग नाही. मी दोन वर्षं त्यांना ते नाव देऊ शकले असते. दिलं नाही.

तुम्हाला स्केलेटनची भीती वाटते. मला पण वाटते. टॉपला उभी असते तेव्हा प्रत्येक वेळी वाटते.

आईला तुम्ही सांगा. ते मी नाही सांगणार.

मी अजून रागावलेली आहे. नंबर अजून ब्लॉक्ड आहे. ९ मार्चला रेस आहे.

काइंडली डू द नीडफुल.

मैत्री


नोव्हाय
शुक्रवार, २३ फेब्रुवारी

मैत्री,

मायना काय लिहू ते कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझं पत्र मी घरी फोडलं नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, त्याच जागी गाडी लावून वाचलं. त्या ओळीपाशी आलो आणि माझ्या तोंडून इतका मोठा "अरे!" निघाला की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, यू ओके? मी हो म्हणालो. दोन वर्षं मी समजत होतो की मी तुझ्यापासून लपवतोय. तू दोन वर्षं मला वाचवत होतीस. आणि मी काय करत होतो? वरणभात खात होतो.

आईला बुधवारी सांगितलं. ती भांडी पुसत होती. सगळं ऐकून घेतलं, मग फडकं खाली टाकलं आणि ओरडली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. काय काय म्हणाली ते सगळं लिहीत नाही, पण शेवटी म्हणाली, "मी तिच्या केसातला डिंक काढत होते आणि तुम्ही मला फोनवर विचारत होतात, मिक्सर कुठे ठेवलाय!" ते खरं आहे. शिबिरातून 'सुटल्यावर' तिने विमानतळावरून फोन केला होता आणि मी मिक्सरच विचारला होता. त्यानंतर ती तुझ्या खोलीत जाऊन बसली. तासाभराने बाहेर आली आणि म्हणाली, "आधी लिहा. मग जेवा."

मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. काल दुपारपर्यंतही नाही. पत्र दोन पानांचं आहे, पण लिहायला अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लागला. पहिल्या खर्ड्यात मी स्वतःची बाजू मांडली होती, ती आईने वाचून फाडली. दुसऱ्यात 'गैरसमज' हा शब्द होता, तो मी स्वतः काढला. तिसरा पाठवला, फेडरेशनला, तुमच्या डॉक्टरांना आणि कोच डॅनाला. त्यात आहे ते एवढंच: तो ईमेल मी लिहिला. तीन घटना मी रचल्या. एकदाच, नऊ वर्षांची असताना, उपाशीपोटी उन्हात माझ्या मुलीला चक्कर आली होती. तिला बर्फावरून खाली येऊ न देण्याचं दुसरं कुठलंही कारण नाही, फक्त मला भीती वाटते. यासाठी माझ्यावर जी कारवाई करायची असेल ती करावी.

खरं सांगू? सेंडचं बटण दाबताना मला पहिल्यांदा दिसलं ते हॉस्पिटल नाही. मला ती लोखंडी पाटी दिसली आणि बर्फापासून चार बोटांवरची तुझी हनुवटी. आता ब्रेकच्या मागे, केटीच्या पाठीशी, तू त्यातल्या त्यात सुखरूप आहेस. ही सही केली नसती तर तशीच राहिली असतीस. सव्वीस वर्षांत मी कुठल्याही गाडीचे ब्रेक काढायच्या कागदावर सही केलेली नाही. काल केली.

नऊ मार्चला आई येतेय, या वेळी उघडपणे. मी विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, "मला काय विचारता? आणि आलात तर आपलं ताट आपण आणा." तू नको म्हणालीस तर मी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसेन. हो म्हणायला फोन अनब्लॉक करायची गरज नाही, आईला सांगितलंस तरी पोचेल.

पत्राची प्रत सोबत जोडली आहे. बोट ठेवायची गरज नाही, इंग्रजीत आहे. शेवटची ओळ माझ्या नकळत बोटांतून उतरली. मी खोडायला निघालो होतो. आई मागे उभी होती, म्हणाली, "राहू द्या. तुमचंच आहे हे त्यांना पटायला नको का?"

म्हणून ठेवली. काइंडली डू द नीडफुल. या वेळी तिच्या खाली नाव आहे.

प्रफुल्ल गजभिये,
मैत्रीचे वडील